गुळाच्या भेलीवरची नखाची कोर

…तर भेलीवरची नखाची कोर दुसऱ्या दिवशी सकाळी जशीच्या तशी होती, इथवर काल आलो होतो आपण. गोजरबाईनं फडकं उचललं, भेल उजेडात धरली, इकडून पाहिली, तिकडून पाहिली अन् फडकं परत झाकलं. गुळाला कोणी हात लावला नव्हता. मग न्हाणीच्या मोरीला मुंग्या कशाच्या लागल्या?

काल जे लवकर उठून गेले त्यांच्यासाठी थोडं मागं जातो. गोजरबाई म्हणजे वरवट बकालच्या किसनरावांची बायको. अंगानं काडी, नाकात चमकी, अन् डोळे असे की समोरच्यानं न केलेली चोरीसुद्धा कबूल करावी. घरातल्या प्रत्येक वस्तूला तिची खूण असे. गुळाच्या भेलीत अंगठ्याचं नख खुपसून ती चंद्रकोर काढी. पिठाच्या डब्यात पिठावर बोटानं फुली. लोणच्याच्या बरणीच्या दोरीला अशी गाठ की तिची तिलाच सुटे. एकदा किसनरावांनी तिच्या माघारी लोणच्याची एक फोड खाल्ली अन् गाठ जमेल तशी मारली. जेवायला बसल्यावर तिनं काही विचारलं नाही, फक्त त्यांच्या ताटात लोणचं वाढलं नाही. किसनराव म्हणाले, "काऊन वं?" ती म्हणाली, "तुमचं खाऊन झालं." त्या दिवसापासून किसनराव परवानगी काढून लोणचं खाऊ लागले.

हसू नका. तो स्वभाव तिला असाच आला नव्हता. तिची पहिली तीन लेकरं गेली. एक पोटात, एक सव्वा महिन्याचं, एक चालायला लागलेलं. का गेली ते तिला कोणी सांगितलं नाही. कोणी म्हणालं दृष्ट, कोणी म्हणालं नशीब. ज्याला कारण कोणी सांगत नाही तो कारण हुडकत फिरतो, तसं तिचं झालं. चौथा झाला तेव्हा त्याला कोणी गोड मानून उचलून नेऊ नये म्हणून नावच कडूबा ठेवलं. कडूबा जगला. त्याची बायको आशाबाई, डोणगावकडची.

अन् आता आशाबाईवर तीच वेळ आली होती. तिची दोन गेली होती. पहिलं नवव्या महिन्यात पोटातच निजलं. दुसरं झालं ते असं गुबगुबीत की सुईण तानुबाई म्हणाली, हे तं सहा महिन्याचं होऊनच आलं. ते दुसऱ्या दिवशी गेलं. तिसऱ्या खेपेला मार्गशीर्षात पाचवा लागला तेव्हा गोजरबाईनं मनात ठरवलं की या वेळी डोळ्यात तेल घालून बसायचं. हे लेकरू कोण नेतं ते पाहायचंच. घरातला असो, बाहेरचा असो, धरायचाच.

पहिला संशय आला पाण्यावरून. त्या पट्ट्यातल्या विहिरी खाऱ्या. डाळ शिजत नाही, चहा फाटतो. प्यायचं गोड पाणी अर्ध्या कोसावरच्या एकाच विहिरीवरून डोक्यावर आणायचं. त्यामुळं प्यायच्या माठाला गोजरबाई दागिन्यासारखं जपे. अन् माठ तर दुपारच्या आत रिकामा होऊ लागला.

"शेजारी देऊन राह्यली काय वं पानी?" तिनं विचारलं.

"नाई जी, आत्याबाई. मीच पेते."

"एवढं? बैल पेत नाई एवढं."

"तहानच जात नाई तं काय करू."

गोजरबाईचा विश्वास बसला नाही. ती दाराआड उभी राहिली अन् पाहिलं. सून खरंच पीत होती. एक तांब्या, दोन तांबे, तोंड पुसून तिसरा. मग न्हाणीत जाई. अन् ती जिथं बसे त्या मोरीपाशी मुंग्यांची रांग. गोजरबाईनं हिशोब जुळवला. मुंग्या म्हणजे गोड, गोड म्हणजे गूळ, गूळ म्हणजे चोरी. म्हणून भेलीवर कोर काढली. अन् कोर तर शाबूत.

मग गूळ बाहेरून येतो, असं तिनं ठरवलं. कोण आणतो? कडूबा. बायकोचे डोहाळे पुरवायला नवरे काय वाट्टेल ते करतात. कडूबा शेतातून आला की ती त्याचा शेला झटकून पाही, सदऱ्याच्या खिशात हात घाली.

"काय हुडकतं मा?"

"तुले माईत हाये."

"मले नाई माईत."

"मंग काऊन घाबरून राह्यला?"

कडूबा बिचारा जन्मल्यापासून घाबरत होता, त्याला कारण लागत नसे.

तेवढ्यात गोजरबाईच्या ध्यानात आलं की सून बोलताना पदर तोंडावर धरते. म्हणजे तोंडात काहीतरी असतं. एके सकाळी उशीच्या खोळीवर तांबूस डाग दिसला, तेव्हा मात्र तिनं सुनेला अंगणात उजेडाला बसवलं.

"तोंड उघड."

"आत्याबाई, राहू द्या नं."

"उघड म्हंतो तं."

आशाबाईनं तोंड उघडलं. गूळ नव्हता. हिरड्या सुजून फुटलेल्या डाळिंबासारख्या झाल्या होत्या, दातांवर चढल्या होत्या. नुसतं बोट लावलं तर रक्त. खालच्या उजव्या बाजूची एक दाढ काळी, तिच्या बुडाशी पू. तोंडाला असा वास की गोजरबाईनं मान फिरवली. पोरगी वासापायी पदर धरत होती.

"मिस्री घासते नं मी," आशाबाई म्हणाली, "तेवढ्यापुरतं बरं वाटते."

गोजरबाईला त्यात विशेष वाटलं नाही. पोटुशीच्या हिरड्या सुजायच्या, बाळंतपणात दात हलायचे, हे तिकडच्या बायकांनी पावसाळा-हिवाळ्यासारखं धरलेलं. तिचे स्वतःचे सात दात असेच गेले होते. तिनं आपल्या सासूनं सांगितलेला उपाय काढला. देवाच्या कोनाड्यात चिनी बरणीत चार वर्षांचा जुना गूळ होता, काळाभोर. त्याचा बोराएवढा खडा घ्यायचा, त्यात लवंग ठेचून भरायची, अन् जेवण झालं की दुखऱ्या दाढेपाशी गालात धरायची. दोन्ही वेळा जेवल्यावर गोजरबाई ती गोळी आपल्या हातानं करून सुनेच्या गालात ठेवू लागली. ठणका थांबे. हे मी आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढं लागणार आहे.

मग आली नर्सबाई. महाराष्ट्र होऊन पाच-सहा वर्षं झाली होती अन् सरकारी दवाखान्यातून गावोगाव नर्सबाया फिरू लागल्या होत्या. वरवटची नर्स अजीजुन्निसा. पांढरं लुगडं, हातात पत्र्याची पेटी, चाल अशी की कुत्रीसुद्धा वाट देत. गावानं तिच्याविषयी ऐकलेलं एकच, की ह्या बाया पोटुशीच्या घरी गोड बोलून शिरतात अन् मूल झालं रे झालं की पुढं पाळणा हलू नये म्हणून पोटात लूप बसवून जातात. गोजरबाई उंबऱ्यातच उभी राहिली.

"काय पाह्यजे?"

"मावशी, तुमची सून पाचव्यात हाये ना? बघायला आली मैं."

"बघून काय करतं?"

"बरी हाये का नाही, ते कळते."

"अन् नसली तं?"

"तं बरी करायची."

"अन् असली तं लूप?"

अजीजुन्निसा पायरीवर बसली. उंबरा ओलांडला नाही. "मावशी, जिला मूल पाहिजे तिला मी लूप कशाला देऊ? दोन गेले ना तुमच्या घरचे? मला तिसरा जगवायचा हाये."

ही गोष्ट गोजरबाईला जरा बरी वाटली, म्हणून तिचा संशय वाढला.

नर्सबाईनं आशाबाईचं तोंड पाहिलं, पाय दाबून पाहिले, माठाची गोष्ट ऐकली, मोरीच्या मुंग्या पाहिल्या, अन् तिचा चेहरा उतरला. म्हणाली, लघवी तपासावी लागेल.

"ते काऊन? कोनाले करनी करायची हाये?"

"तुमच्यासमोरच तपासते. तुमच्या अंगणात."

गोजरबाईनं थोडा विचार केला. "मंग माहीबी तपास."

आता बघा, त्या बाईला शाळा माहीत नव्हती, पण हे तिला सुचलं. दोन बाटल्या आल्या. अजीजुन्निसानं पेटीतून काचेची नळी काढली, निळं औषध ओतलं, स्पिरिटचा दिवा पेटवला. गोजरबाईच्या बाटलीतले थेंब टाकून नळी तापवली. निळं ते निळंच राहिलं. मग आशाबाईचे थेंब टाकले. निळ्याचं हिरवं झालं, हिरव्याचं पिवळं, अन् पाहता पाहता विटकरी. कडूबा मागून वाकून पाहत होता तो दोन पावलं सरकला.

"लघवीतून साखर चालली," नर्सबाई म्हणाली. "गोड लघवी म्हणतात ना, मधुमेह, ते. पहिली दोन यानंच गेली असतील. साखरेनं मूल पोटात फुगते, मोठं होते, पण जीव नसते त्यात."

किसनराव तंबाखू मळत होते, ती तशीच राहिली. गोजरबाई मात्र नळीकडं पाहत होती. मेळ्यात असल्या नळ्या तिनं पाहिल्या होत्या. एक बाबा पाण्याचं रक्त करून दाखवी अन् ताईत विके.

"उद्या परत करून दाखव," ती म्हणाली.

"करते ना."

दुसऱ्या दिवशी गोजरबाईनं दोन्ही बाटल्या स्वतः भरून ठेवल्या, अन् नर्सबाई यायच्या आधी त्यांची अदलाबदल केली. कोणाला बोलली नाही. अजीजुन्निसानं सुनेची म्हणून दिलेली बाटली तपासली. निळी. तिनं दिव्याची वात वर केली, परत तापवली. निळीच. मग सासूची तपासली. विटकरी.

नर्सबाईनं नळी उजेडात धरून परत पाहिली. "मावशी, तुम्हाला तहान लागते का हो खूप? रात्रीत उठता का? काल तं काही नव्हतं... अल्ला, हे काय झालं?"

गोजरबाई उठली, आत गेली, अन् पितळी वाटीत चहा घेऊन आली. त्या उंबऱ्यावर नर्सबाईला मिळालेला तो पहिला चहा.

"पे," ती म्हणाली. "म्या बाटल्या बदलल्या होत्या. तुही नळी खरी हाये."

अजीजुन्निसानं वाटी हातात घेतली अन् म्हणाली, "मावशी, तुम्ही दवाखान्यात पाहिजे होत्या."

तर असं करून गोजरबाईचा नळीवर विश्वास बसला. नळीवर बसला, नर्सबाईवर अजून बसायचा होता.

दोघी सुनेला घेऊन यष्टीनं पूर्णा ओलांडून, शेगाववरून खामगावला मोठ्या डॉक्टरकडं गेल्या. डॉक्टरनं रोजचं इन्सुलिनचं इंजेक्शन लिहून दिलं. भाकर, भाजी, वरण मोजून, गूळ-साखर-केळी बंद. अन् तोंड पाहून म्हणाला, ही दाढ काढा. मिस्री आजपासून बंद. मऊ काडीनं, बोटानं दात घासा, जेवल्यावर कोमट मिठाच्या पाण्यानं खळखळून चुळा. हिरडीत पू आहे तोवर साखर उतरायची नाही, अन् साखर आहे तोवर हिरडी भरायची नाही, दोघी एकमेकींना धरून बसल्या आहेत.

"खाऱ्या पान्याचं नोका सांगू," गोजरबाई म्हणाली. "आमची आख्खी इहीर खारी हाये. त्यानं दात बरे होत असते तं आमच्या गावात कोनी बोळकं नसतं."

नर्सबाई म्हणाली, "विहिरीचं नाही मावशी. उकळलेलं पाणी, त्यात चिमूटभर आपलं मीठ."

"अन् दाढ नाई काढत. पोटुशीची दाढ काढली का दोन जिवाची एक होते. सगळ्यायले माईत हाये."

डॉक्टरनं समजावलं, की हाच काळ त्याला बरा, सहावा आहे तोवर काढून घ्या, पुढं जड जाईल. गोजरबाईनं मान हलवली नाही. डॉक्टर एवढं का सांगतो, तिला प्रश्न पडला. दाढेशी त्याचं काय काम? त्या तशाच परत आल्या.

रोज सकाळी नर्सबाई येई अन् इंजेक्शन देई. बाटली गार राहावी म्हणून माठाखालच्या ओल्या वाळूत पुरून ठेवलेली, अन् त्या वाळूवरही गोजरबाईच्या बोटाची फुली. सुई तिच्यासमोर उकळायची. जेवण तिच्यासमोर. गुळाची भेल तर तिनं उचलून शेषराव दुकानदाराकडं ठेवायला देऊन टाकली. स्वयंपाकघरात साखरेचा दाणा नाही.

आठ दिवस झाले. नळी विटकरी. पंधरा दिवस झाले. नळी विटकरी. सहावा सरत आला होता. आशाबाईचं पोट महिन्याच्या मानानं मोठं दिसू लागलं. पहिल्या दोन खेपेला असंच दिसलं होतं, अन् ते सासूसुना दोघींना माहीत होतं. त्यामुळं कोणी बोलत नव्हतं. आशाबाई पाणी प्यायची अन् तांब्या खाली ठेवताना सासूकडं पाहायची.

एक दिवस अजीजुन्निसानं नळी खाली ठेवली अन् सरळ विचारलं, "मावशी, या घरात तिला गोड कोण देते?"

"कोनीच नाई."

"कोणीतरी देते. औषध खोटं नाही, नळी खोटी नाही, तुम्हीच सांगितलं. मग?"

गोजरबाईला हे असं लागलं की जणू कोणी तिच्या घरात दिवसाढवळ्या भिंत फोडून चोरी करून गेलं. तिच्या पहाऱ्यातून चोरी? तिनं त्या दिवशी घरातली बारीकसारीक गोडाची वस्तू हुडकून काढली. मनुकांची पुडी, मधाची शिशी, देवापुढची खडीसाखर, हळदीकुंकवाच्या वेळचे दोन बत्तासे. सगळ्यांवर खुणा. शेवटी कोनाड्यातली चिनी बरणी दिसली. हा काही खायचा गूळ नव्हे, हे औषध, पण आता खुणा करतोच आहोत तर राहायला नको, म्हणून त्या काळ्या ढेकळावरही नख खुपसून कोर काढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं. मनुका जशाच्या तशा. मध तसाच. बत्तासे तसेच. अन् चिनी बरणीतल्या गुळाची कोर अर्धी खरवडून गेलेली.

सापडलं. गोजरबाईनं कडूबाला शेतात जाऊ दिलं नाही, किसनरावांना पारावर जाऊ दिलं नाही. सुनेला भिंतीशी टेकून बसवलं, नर्सबाई आली तिला बसवून घेतलं, अन् बरणी मधोमध ठेवली.

"ह्याच्यात कोनाचा हात गेला?"

किसनराव म्हणाले, "म्या परवानगीबिगर काई खाल्लं नाई. लोनच्यापासून शिकलो."

"कडूबा?"

"म्या नाई मा. तुह्या गळ्याची आन."

"माह्या गळ्याची नोको. तुह्या लेकराची घे."

कडूबानं आशाबाईच्या पोटाकडं पाहिलं अन् त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "त्याचीबी आन."

गोजरबाई सुनेकडं वळली. "मंग तूच."

आशाबाई जमिनीवर बोटानं रेघ ओढत होती. लग्नाला सहा वर्षं झाली, पण सासूला उलटून शब्द बोललेली नव्हती. आज पोटावर हात ठेवून ती हळू बोलली, "काल जेवल्यावर तुमीच नाई का दिली गोळी, दाढेसाठी? सकाळच्यालेबी, संध्याकाळच्यालेबी. रोजच देता नं."



"ते तं औषध हाये," गोजरबाई म्हणाली.

अजीजुन्निसानं बरणी उचलली, ढेकूळ बाहेर काढलं. मूठभर उरलं होतं. "हे किती होतं मावशी?"

किसनराव म्हणाले, "नारळाएवढं होतं. म्याच आनलं होतं."

एवढा गूळ गोजरबाईच्या स्वतःच्या अंगठ्यानं अन् बोटानं सुनेच्या गालात गेला होता, दिवसातून दोनदा, अन् बराच वेळ तिथंच विरघळत राहिला होता, सडक्या दाढेच्या बुडाशी. रक्तातही साखर, हिरडीवरही साखर. ती आपला अंगठा उलटा-सुलटा करून पाहू लागली. नखात काळा गूळ होता.

"तू काऊन नाई बोलली वं?" तिनं सुनेला विचारलं. आवाज लहान होता.

"तुमी म्हने औषध हाये. तुमच्या हातचं नाई कसं म्हनू मी?"

मग नर्सबाई काही लागेल असं बोलली असती तर बोलायची जागा होती. तिनं फक्त विचारलं, "ठणकते म्हणून गोळी देता. ठणकायचं राहिलंच नाही तं?"

गोजरबाई उठली, हात धुतला, दोनदा धुतला, अन् म्हणाली, "उद्याची पह्यली यष्टी कितीले हाये?"

खामगावचा दातांचा डॉक्टर गोल, हसरा माणूस. त्यानं नंतर कित्येक वर्षं ही गोष्ट लोकांना सांगितली म्हणे. आशाबाई खुर्चीत बसली तर तिच्या उजव्या गालावर कुंकवाचा एवढा ठिपका.

"हे काय?"

"खूण हाये," गोजरबाई म्हणाली. "हीच दाढ. दुसरी नाई. अन् किती दात हायेत ते म्या मोजून आनले."

"किती आहेत?"

"ते तुमाले नाई सांगत. काढून झाल्यावर मी मोजतो."

डॉक्टर हसला. मग तिनं चिमट्याकडं बोट केलं. ह्याच्या आधी कोनाच्या तोंडात होता? तो म्हणाला, उकळला आहे. ती म्हणाली, मी पाह्यला नाई. भल्या माणसानं चिमटा परत उकळला अन् तिच्याकरता स्टूल मागवलं. सुई देऊन दाढ बधिर केली, अन् आशाबाईनं हूं म्हणायच्या आत ती बाहेर. बाकी दातांवरचं कीटण त्यानं त्याच दिवशी हलक्या हातानं काढलं. गोजरबाईनं दात मोजले. एकच कमी होता. तिनं ती दाढ पदराच्या गाठीत बांधली. परत येताना यष्टीत सारा वेळ तिचा हात सुनेच्या पोटावर होता, दोन जिवांची एक होते की काय ते पाहत. शेगावच्या पुढं आत लाथ बसली, तेव्हा तिनं हात काढला अन् खिडकीबाहेर पाहू लागली.

पुढचा पहारा मात्र पाहण्यासारखा. सकाळी उठल्यावर कडुलिंबाची काडी, चावून कापसासारखी मऊ केलेली. मिस्रीचा डबा गोजरबाईनं उकिरड्यावर उलथा केला, स्वतःचासुद्धा. जेवण झालं की कोमट मिठाच्या चुळा, अन् चूल थंड असली तर पेटवून. मग तिनं स्वतःची एक नळी काढली. जुन्या धोतराची पांढरी चिंधी सुनेला हिरडीवर दाबायला लावायची अन् रक्त किती ते पाहायचं. रोजची चिंधी दोरीवर. पहिली चिंधी लाल, मग गुलाबी, मग कडेला ठिपका. शेजारच्या रुखमाबाईनं विचारलं, "गोजरे, हे काय लग्नाची तोरनं लावली काय?" ती म्हणाली, "तुले नाई समजत, पुढं पाह्य."

चिंध्या पांढऱ्या होत गेल्या तशी नर्सबाईची नळी विटकरीची पिवळी झाली, पिवळीची हिरवी, अन् फाल्गुनात एका सकाळी निळ्याला हिरवी झाक तेवढी. माठ संध्याकाळपर्यंत पुरू लागला. मोरीच्या मुंग्या दुसरीकडं गेल्या. पोट महिन्याच्या मानानं दिसू लागलं.

बाळंतपण घरी नाही, खामगावला, तेही दिवस भरायच्या थोडं आधीच भरती, असं अजीजुन्निसानं सांगितलं. गोजरबाईनं होकार दिला, पण दवाखान्यात लेकरं बदलतात हे तिला पक्कं ठाऊक होतं. चैत्रात मुलगी झाली. नेहमीच्या लेकरासारखी, ना फुगलेली ना काही, रडली ती आख्ख्या खोलीला ऐकू गेलं. दाई तिला पुसते न पुसते तोच गोजरबाईनं तिच्या डाव्या तळपायावर काजळाची कोर काढली.

रुखमाबाई पाहायला आली होती, ती रिवाजाप्रमाणं गुळाचं पाणी अन् कापसाची वात घेऊन आली होती, तोंडात द्यायला. गोजरबाईनं वाटी तिच्या हातातून घेतली अन् खिडकीतून ओतून दिली. डॉक्टरनं सांगितलं होतं, लगेच अंगावर घ्या, ताबडतोब पाजा, अशा आईच्या लेकराला उपाशी ठेवायचं नाही. तिनं उभं राहून पाजायला लावलं. पहिला दिवस गेला. दुसऱ्या दिवशी ती सकाळपासून पाळण्यापाशी बसून होती; आधीचं लेकरू दुसऱ्याच दिवशी गेलं होतं. तिसऱ्या दिवशी पोरीनं तिचं बोट धरलं तेव्हा ती जेवायला उठली.

नाव काय ठेवायचं यावर बायकांनी सुचवलं, दगडाबाई ठेवा, धोंडाबाई ठेवा, नजर लागायची नाही. गोजरबाई म्हणाली, नजर मी ठेवून हाये. नाव ठेवलं रुक्मिणी.

सव्वा महिना झाला अन् अजीजुन्निसा परत पायरीशी आली. बाळंतपण झाल्यावर साखर उरली की गेली ते पाहायचं होतं. आता तिला पायरीवर बसावं लागत नसे, आत पाटावर बसायची. पोरगी तिच्या मांडीवर, चहाची वाटी समोर, पेटी अजून बंद. आशाबाई दारात उभी होती, पदर डोक्यावर, तोंडावर नाही. नर्सबाईनं हसत हसत विचारलं, "मावशी, आता तरी माझ्यावर विश्वास बसला का नाही?"

गोजरबाईनं नातीचा डावा तळपाय उचलून पाहिला, रोज न्हाऊ घातल्यावर परत काढलेली काजळाची कोर अंगठ्यानं चाचपली, अन् म्हणाली,

"बाई, ह्या घरात म्या सगळ्यायवर संशय घेतला. घ्यायची राह्यली होती ती एकटी मीच, अन् चोर तीच निघाली. आता तूच सांग, इश्वास ठेवू तं कोनावर ठेवू? नळी काढ, अन् माह्यासमोर तापव."